घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की विहारात ग्रंथवाचन सुरू होतं, आणि मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्यांत एखादा तरी पेंगतोच. आमच्या कामोठ्यात गेल्या वर्षावासात एक दादा रोज पेंगायचे. रिक्षा चालवतात, वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने भरलेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची दोन पानं होत नाहीत तोच त्यांची मान छातीवर यायची आणि पाठोपाठ घोरणं सुरू. पोरं खिदळायची, बायका पदर तोंडाला लावायच्या. एका संध्याकाळी वाचन करणारे बौद्धाचार्य थांबले आणि म्हणाले, “दादा, घरी जाऊन नीट झोपा.” दादा उठून गेले ते नंतर विहारात फिरकलेच नाहीत.

हसणाऱ्यांत मीही होते, हे आधीच कबूल करते.

पुढे काही दिवसांनी त्यांच्या बायको बाजारात भेटल्या. डोळे खोल गेलेले. मी तब्येत विचारली तर म्हणाल्या, “सिस्टर, मला काही झालेलं नाही, झोप नाही फक्त. हे घोरतात त्याचं काही वाटत नाही, वीस वर्षं ऐकतेय. पण मध्येच आवाज बंद होतो ना, तेव्हा मी उठून बसते. छाती हलते, पण वारा येत नाही. मग हलवते. मग एकदम ‘घर्र’ करून श्वास घेतात आणि परत झोपतात. त्यांना सकाळी काही आठवत नाही.”

छाती हलते, पण वारा येत नाही. एवढ्या वाक्यात अख्खा आजार आहे. डॉक्टर लोक त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात, म्हणजे वाट अडल्यामुळे झोपेत श्वास थांबणं.

मला खरं तर हे लगेच ओळखू यायला हवं होतं. नर्सिंगचा डिप्लोमा करून नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी रात्रपाळीत हा धडा मिळाला होता. ऑपरेशन झालेला एक पेशंट वेदनेचं इंजेक्शन घेऊन मोठमोठ्याने घोरत होता. नातेवाईक खूश, “चला, शांत झोप लागली एकदाची.” मीही पुढच्या खाटेकडे वळले. आमच्या मोठ्या सिस्टर दारात आल्या, क्षणभर उभ्या राहून त्यांनी ऐकलं आणि धावत जाऊन त्याची हनुवटी वर उचलली, कुशीवर वळवलं. मग मला म्हणाल्या, “घोरणारा पेशंट म्हणजे अर्धी बंद झालेली वाट. आवाज थांबला, तर ती पूर्ण उघडली की पूर्ण बंद झाली हे बघायला तू तिथे असायला हवंस.” वॉर्डात शिकलेलं हे वस्तीत आल्यावर मी विसरले होते. वस्तीत आपण सगळेच घोरण्याला गाढ झोप समजतो. “दिवसभर राबतो बिचारा, पडल्या पडल्या घोरायला लागतो,” असं आपण कौतुकाने सांगतो.

वाट बंद होते कशी?

शहाळ्याच्या पाण्यात कागदी नळी बराच वेळ राहिली की मऊ पडते. मग जोरात ओढायला गेलं की ती चपटी होते आणि पाणी येत नाही. घशाचं नेमकं तसंच आहे. नाकात हाड आहे, श्वासनळीला कूर्चेच्या कड्या आहेत, त्यामुळे त्या वाटा सहसा मिटत नाहीत. पण पडजिभेपासून स्वरयंत्रापर्यंतचा भाग नुसत्या मांसाचा. जागेपणी तिथले स्नायू ताठ राहून वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मागचा मऊ भाग खाली येतो. उताणं झोपलं तर जीभ आणखी मागे पडते. वाट अरुंद झाली की त्यातून जाणारी हवा मऊ भागाला फडफडवते. तो फडफडाट म्हणजे घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाज बंद. छाती आणि पोट हवा ओढायला धडपडत राहतात, हवा मात्र आत जात नाही.

मग रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस दोन-चार सेकंदांसाठी अर्धवट जागा होतो, स्नायू ताठ होतात, वाट उघडते, मोठा आवाज करून श्वास येतो आणि तो परत झोपतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला तर तो मोजायचा, असा नियम आहे. पूर्ण थांबला नाही पण फार कमी झाला आणि ऑक्सिजन उतरला, तर तोही मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी वेळा झालं तर मोठ्या माणसात ते सर्वसाधारण धरतात. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर गेलं की तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत २१० वेळा. म्हणजे या माणसाला रात्रीतून २१० वेळा कुणीतरी हलवून उठवतंय, आणि सकाळी आपण त्याला विचारतो, “इतकं झोपूनही तोंड का उतरलंय?”

प्रत्येक घोरणाऱ्याला हा आजार असतो असं नाही. सर्दी झाली, दमून आलं, एखाद्या दिवशी घोरलं, त्याने घाबरायचं कारण नाही. एका लयीत, न थांबता घोरणं त्रासदायक असलं तरी बऱ्याचदा तेवढ्यावरच राहतं. काळजी करायची ती तुटणाऱ्या घोरण्याची: घोरणं, शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, परत घोरणं.

१५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत जुहूच्या रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी कारण म्हणून याच आजाराचं नाव सांगितलं, आणि अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तेव्हा वस्तीत मी ऐकलेलं मत असं: श्रीमंतांचा, खाऊन-पिऊन सुखी माणसांचा आजार. हे खोटं आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या, स्वतःला धडधाकट समजणाऱ्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना त्यांनी त्यात घेतलं. त्यांच्यात झोपेत श्वास बिघडण्याचं प्रमाण साडेएकोणीस टक्के निघालं, म्हणजे जवळजवळ पाचात एक. त्याबरोबर दिवसा झोप येण्याचा त्रासही असलेले साडेसात टक्के. हा अभ्यास ज्यांना पैसे भरून तपासणी करून घेणं परवडतं त्यांचा. त्यात आपला रिक्षावाला, नाका कामगार, सफाई कामगार नाही. बाई तर एकही नाही. आपल्याला कुणी मोजलं नाही याचा अर्थ आपल्याला आजार नाही असा होत नाही.

दिवसा दिसणाऱ्या खुणा

रात्रीचा आजार दिवसा ओळखू येतो, पण आपण त्या खुणा भलत्याच खात्यात टाकतो. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. आपण म्हणतो पित्त झालं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, त्याला साखर किंवा वय. (श्वास अडला की छातीतल्या ताणामुळे हृदय एक द्रव्य सोडतं आणि त्याने लघवी वाढते. साखर तपासाच, पण साखर नीट असूनही उठावं लागत असेल तर झोपेकडे बघा.) चिडचिड, विसराळूपणा, पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होणं, हे कुणी बोलतच नाही. आणि सिग्नलला उभं असताना, टीव्हीसमोर, विहारात पाच मिनिटं शांत बसलं की डोळा लागणं, याला आपण आळशीपणा म्हणतो.

सगळ्यात जास्त मी ब्लड प्रेशरबद्दल सांगते. प्रत्येक वेळी श्वास अडला की शरीरात लढाईची तयारी होते, नसा आवळतात, प्रेशर उसळतं. रात्रभर हे झालं की दिवसाही ते खाली येत नाही. दोन-तीन गोळ्या नियमित घेऊनही ज्याचं प्रेशर हटत नाही, त्याच्या बायकोला “हे घोरतात का?” असं विचारलंच पाहिजे. आपल्या दवाखान्यांत पेशंटला विचारतात, आणि पेशंट म्हणतो, “छे, मला छान झोप लागते.” त्याला काय माहीत! अशा न तपासलेल्या माणसांत पुढे पक्षाघात, हृदयाचे ठोके अनियमित होणं, हृदयविकार यांचा धोका वाढतो. मधुमेहही आटोक्यात यायला जड जातो.

आपल्या भागात एक गोष्ट जास्तच महत्त्वाची. इकडे सायन-पनवेल महामार्ग, पलीकडे कळंबोलीचं लोखंड मार्केट आणि ट्रकांच्या रांगा, वर पुण्याकडे जाणारा एक्सप्रेसवे. आपल्या किती घरांत ड्रायव्हर आहेत! ट्रक, टेम्पो, टँकर, रिक्षा, कंपनीच्या बस. उपचार न घेतलेला स्लीप ॲप्निया असेल तर गाडीचा अपघात होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट-तिप्पट असते. पहाटे चारला चाकावर डोळा लागला तर ब्रेकच दाबला जात नाही, कारण दाबायला कुणी जागं नसतं. अपघात झाला की “ड्रायव्हर प्यायलेला असेल” म्हणून लोक मोकळे होतात. तो कदाचित दारूचा थेंबही न घेणारा, पंचशील पाळणारा माणूस असेल.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. गुदमरून दचकून उठणं, छातीवर कुणी बसलंय, कुणी गळा दाबतंय असं वाटणं, यावरून आजही करणी-बाहेरची बाधा असं बोललं जातं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही मी उशीखाली लिंबू पाहिलंय. रागावत नाही, भीती खरी असते. पण गळा दाबणारी स्वतःचीच मागे पडलेली जीभ असते. देवऋषाकडे घालवलेल्या पैशात अर्धी तपासणी झाली असती.

कुणाला होतो?

वजन वाढून मानेभोवती चरबी साठलेल्यांना जास्त. शिवणकामाची टेप घ्या आणि मान मोजा. पुरुषाची १७ इंचांपेक्षा, बाईची १६ इंचांपेक्षा जास्त भरली तर धोका वाढलेला समजा. पण आपल्याकडे कमी वजनाच्या माणसांतही हा दिसतो, कारण काहींचा खालचा जबडा लहान किंवा मागे असतो आणि जिभेला जागाच कमी पडते. त्यामुळे “तो तर काडीसारखा आहे” हे उत्तर चालत नाही. वय, घरात आधी कुणाला असणं, बंद नाक, वाढलेले टॉन्सिल, थायरॉइड कमी असणं, दारू, झोपेच्या गोळ्या, तंबाखूचा धूर ही बाकीची कारणं. दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते, त्यामुळे एरवी नुसता घोरणारा माणूस पिऊन झोपला की श्वास अडायला लागतो.

बायांचं वेगळं सांगते. बाई घोरते हे घरात कुणी बोलत नाही, बोललं तर हसण्यावारी. तिला स्वतःला इतकी लाज की माहेरी, लग्नाकार्यात चार बायांत झोपायची वेळ आली तर ती रात्रभर जागी राहते. बाईच्या तक्रारीही वेगळ्या असतात: झोप लागत नाही, अंग दुखतं, सकाळी डोकं दुखतं, कशातच मन लागत नाही. दवाखान्यात तिला लोहाच्या गोळ्या आणि “टेन्शन घेऊ नका” हा सल्ला मिळतो. लोह कमी असेल तर ते घ्यावंच. पण पाळी गेल्यानंतर बायांमध्ये हा आजार झपाट्याने वाढतो, आणि गरोदरपणात नव्याने जोरात घोरायला लागलेल्या बाईचं प्रेशर काळजीने बघावं लागतं. जावांनो, नणंदांनो, हसण्याऐवजी एकमेकींचा श्वास ऐका.

मठ्ठ ठरवलेली मुलं

या विषयावर लिहायचं ठरवलं ते खरं मुलांसाठी. तीन ते आठ वर्षांच्या मुलांत टॉन्सिल आणि नाकाच्या मागची गाठ, म्हणजे ॲडिनॉइड, आकाराने मोठी असते. काहींची इतकी वाढते की नाकाची वाटच बंद होते. असं मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, मान मागे टाकून विचित्र झोपतं, घामाघूम होतं, मोठं झाल्यावरही अंथरुणात लघवी करतं. दिवसा मोठ्या माणसासारखं पेंगत नाही, उलट चिडचिडं आणि चुळबुळं होतं. वर्गात लक्ष लागत नाही.

मग शिक्षक म्हणतात, मठ्ठ आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत हा शब्द किती सहज येतो आणि त्यामागे काय असतं ते मला तुम्हाला सांगायला नको. वाईट हे की घरचेही ते मान्य करतात. मी एका मुलीला ओळखते. तिसरीत होती, तोंड सतत उघडं, वाचताना अक्षरं सुटायची. आईने मार दिला, शिकवणी लावली. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं तर नाकामागे गाठ. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात आई सांगायला आली, “पोरगी इतकी शांत झोपते की मीच उठून नाकाशी बोट धरते.” अभ्यासात ती पहिली-बिहिली आली नाही, तशा गोष्टी सिनेमात होतात. पण अंथरूण ओलं होणं थांबलं आणि ती एका जागी बसून गोष्ट वाचू लागली.

मूल आठवड्यात तीन-चार रात्री किंवा त्याहून जास्त घोरत असेल, सर्दी नसतानाही, तर दाखवाच. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि पथकातल्या डॉक्टरांना ‘रात्री घोरतो’ हे चिठ्ठीवर लिहून द्या. न सांगता त्यांना ते दिसणार नाही.

घरातली पहिली तपासणी

एका खोलीत पाच माणसं झोपणं हे हालच आहेत, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण या आजारात शेजारी झोपणारा माणूस हा पहिला साक्षीदार असतो, आणि आपल्याकडे साक्षीदारांची कमी नाही. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान उठा, कारण त्या वेळच्या स्वप्नांच्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात. पंधरा मिनिटं बसा. आवाज थांबला की मनात एक-दोन-तीन मोजा. दहाच्या वर गेलं की कागदावर एक रेघ. आणि मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, छाती-पोट दिसेल असा. चिडवण्यासाठी ग्रुपवर टाकायला नाही, डॉक्टरांना दाखवायला. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेल तर दिवसा ९८ दाखवतो म्हणून निर्धास्त होऊ नका. दिवसा तो ९८ च दाखवणार.

खरी तपासणी म्हणजे स्लीप स्टडी. रात्रभर नाकाशी हवेची नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, आणि दवाखान्यात राहून केली तर डोक्याला तारा लावून मेंदूची झोपही नोंदवतात. सुई नाही, दुखत नाही. साध्या, ठळक लक्षणांच्या पेशंटला छोटं यंत्र घरी देऊनही तपासणी होते. खासगीत खर्च काही हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत जातो. त्यामुळे आधी सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात चौकशी करा. आपल्या कामोठ्यातच एमजीएमचं मेडिकल कॉलेज आणि दातांचं कॉलेज आहे. मुंबईला जायचं तर मानसरोवरहून हार्बर लाइनने थेट सँडहर्स्ट रोडला उतरलं की जे. जे. रुग्णालय जवळ. परळला केईएम आहे. छातीविकार किंवा नाक-कान-घसा विभागात जा, आणि “घोरतो” एवढंच न सांगता “झोपेत श्वास थांबतो, स्लीप स्टडी करायची का?” असं स्पष्ट विचारा. व्हिडिओ दाखवा. प्रेशरच्या, साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.

उपचार

मध्यम आणि तीव्र आजारावर सगळ्यात खात्रीचा उपचार म्हणजे सीपॅप मशीन. १९८१ साली ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. मशीन खोलीतलीच हवा घेतं आणि थोड्या दाबाने, नाकावरच्या मास्कमधून घशात सोडतं. तो दाब वाटेला आतून आधार देतो, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती चपटी राहत नाही तसं. हा ऑक्सिजन नाही, व्हेंटिलेटर नाही. हे ठासून सांगावं लागतं, कारण २०२० आणि २०२१ मध्ये आपण मास्क लावलेली माणसं आयसीयूत गेलेली पाहिली, आणि मास्क म्हटलं की घरचे रडायला लागतात. पहिले दोन आठवडे जड जातात. नाक कोरडं पडतं, मास्क टोचतो, गुदमरल्यासारखं वाटतं. आधी जागेपणी टीव्ही बघताना अर्धा तास लावून सवय करा, मास्कचं माप बदलून घ्या, पण मशीन कपाटावर ठेवू नका. ज्या रात्री लावलं त्याच रात्री ते काम करतं. चष्म्यासारखं आहे.

किंमत साधारण तीस-पस्तीस हजारांपासून पुढे. इथे आपलं घोडं अडतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, घरी वापरायचं मशीन तिच्यात मिळेल असं धरून चालू नका. मुलाच्या ऑपरेशनचं मात्र रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. घरात कुणी केंद्र सरकारी नोकरीत असेल तर सीजीएचएसमध्ये या मशीनच्या पैशांची तरतूद आहे. कंपनीत ईएसआय कापला जात असेल तर ईएसआयच्या डॉक्टरांकडे लेखी मागणी करा. जुनं मशीन घ्यायचं असेल तर एक सावधगिरी: फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात म्हणून २०२१ मध्ये आपली अनेक मॉडेलं परत बोलावली होती. मॉडेल तपासल्याशिवाय जुनं मशीन घेऊ नका, आणि मास्क-नळी नवीनच घ्या.

आजार सौम्य असेल, किंवा मशीन सहनच होत नसेल, तर खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवणारी दातांची पट्टी दंतवैद्य माप घेऊन बनवतात. ऑपरेशन ठरावीक लोकांनाच उपयोगी पडतं: टॉन्सिल मोठे, नाकाचा पडदा फारच वाकडा, वगैरे. “लेझरने घोरणं एका दिवसात बंद” अशा जाहिरातींकडे जायच्या आधी स्लीप स्टडी झालेली असू द्या. नाहीतर आवाज जातो आणि श्वास अडणं तसंच राहतं. मग तर बायकोलाही कळत नाही.

वजनाचं बोलते. वजन दहा टक्के उतरलं, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाचं आठ किलो, तर श्वास अडण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी होतं, असं मोठ्या अभ्यासात दिसलंय. वजन कमी करणारी जी इंजेक्शनं सध्या गाजतायत, त्यांपैकी एकाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये या आजारासाठीही मान्यता मिळाली. महाग आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत. आपल्याला जवळचा उपाय राजा पसेनदीचा. संयुत्त निकायात गोष्ट आहे. कोसलचा हा राजा पोट फुटेस्तोवर भात खाऊन धापा टाकत बुद्धाकडे यायचा. बुद्धाने त्याला उपदेश केला तो मात्रा जाणून खाण्याचा. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज शंभर कहापण देऊन जेवताना ती गाथा म्हणायला बसवलं आणि हळूहळू भात कमी करत आणला. एका दिवसात नाही, हळूहळू. आपल्याकडे सुदस्सनाला द्यायला शंभर कहापण नाहीत, पण रात्री दहाला पोटभर भात आणि लगेच आडवं होणं, हे तरी मोडता येईल. जेवण आठला, भाताची एक वाटी कमी.

कुशीवर झोपण्याचाही खरा उपयोग होतो, विशेषतः ज्यांचा श्वास उताणं झोपल्यावरच अडतो त्यांना. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात पोरांचा रबरी चेंडू घाला. उताणं झालं की टोचतो. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धाची महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे, उजव्या कुशीवर. पलंग असेल तर डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवा. उशांची चळत नको, तिने मान दुमडते आणि वाट आणखी अरुंद होते. दारू सोडा. स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेऊ नका, तिने घसा आणखी सैल पडतो. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना “मी घोरतो, श्वास थांबतो” हे आधी सांगा. हे न सांगणं जिवावर बेतू शकतं.

आता त्या दादांचं. पेंगणारा माणूस पहिला आपल्याच विहारात आला असं नाही. अंगुत्तर निकायात खुद्द मोग्गल्लान पेंगत बसलेले आहेत, आणि बुद्ध त्यांना एकेक उपाय सांगतात: ऐकलेला धम्म आठव, मोठ्याने म्हण, कान ओढ, डोळ्याला पाणी लाव, चांदण्यांकडे बघ, चालून ये. आणि एवढं करूनही झोप येत असेल, तर उजव्या कुशीवर झोप. हे मी बौद्धाचार्यांना सांगितलं तेव्हा ते स्वतः दादांच्या घरी गेले, चहा पिऊन आले. दादांना तपासणीला नेण्यात दोन महिने गेले. एक दिवस धंदा बुडतो म्हणून टाळायचे. आकडा आला तासाला ४१. मशीनचे पैसे थोडे त्यांचे, थोडे भिशीतून, थोडे मेहुण्याकडून. सुरुवातीला मास्क काढून फेकायचे. आता लावतात. प्रेशरची एक गोळी डॉक्टरांनी कमी केलीय, आणि दुपारी स्टँडवर रिक्षात झोपणं बंद झालंय.

त्यांच्या बायको परवा भेटल्या. इतक्या वर्षांनी रात्रभर झोपतात म्हणाल्या. दादा बाजूला उभे होते. म्हणाले, “सिस्टर, आता मला जाग असते, तर ऐकू येतं. ही पण घोरते. मी काल मोजलं, मध्ये बारापर्यंत गेलं.” त्या लाजून त्यांना गप्प करत होत्या. पुढच्या सोमवारी त्यांना घेऊन ओपीडीत जायचं ठरलंय. व्हिडिओ दादांनी काढून ठेवलाय.